गॅस समुद्रातला, प्रकल्प गावातला; कर कुणाचा?

पत्र

नमस्कार. मी रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे, पहिल्यांदाच निवडून आले. आमच्या हद्दीत नैसर्गिक वायूवर प्रक्रिया करणारा मोठा प्रकल्प आहे. सरकारी कंपनी आहे, नाव इथे देत नाही. जमिनी आमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीने दिल्या. आता रात्रभर ज्वाला पेटलेली दिसते, टँकरची रांग रस्त्यावर असते आणि ग्रामपंचायतीकडे नळयोजनेचं वीजबिल भरायला पैसे नसतात.

कंपनी दरवर्षी ठरावीक रक्कम देते. ती कशी ठरली हे कुणालाच सांगता येत नाही. यंदा नवा करार करायचा आहे. अधिकारी म्हणतात, "आम्ही सरकारी कंपनी, आम्हाला खरं तर कर लागतच नाही. शिवाय जीएसटी भरतो, व्हॅट भरतो, शाळेला खोल्या बांधून दिल्या, रुग्णवाहिका देतोय. आहे ते घ्या." गावातली तरुण मुलं म्हणतात, सुप्रीम कोर्टाने खनिजावर कर लावायचा हक्क दिलाय, आपण ग्रामसभेत ठराव करून दर घनमीटरला १० पैसे गावकर लावू. माझा भाचा कॉमर्सला आहे, तो म्हणतो गॅसला जीएसटीच नाही. मग माझ्या सिलिंडरच्या बिलावर तो कसा? राज्य सरकार या प्रकल्पाकडून नेमकं काय घेतं, त्यातलं गावाला काय येतं आणि मी ग्रामसभेत काय बोलू?

— एक सदस्य, रायगड जिल्हा

उत्तर

ताई, ग्रामसभा जवळ आली आहे असं पत्रावरून वाटतं, म्हणून आधी कामाचं सांगतो. दर घनमीटरला १० पैशांचा ठराव करू नका. आणि कंपनीने पुढे केलेल्या करारावर सरपंचांना इतक्यात सही करू देऊ नका. मधला एक रस्ता आहे, कायद्यातला आहे, आणि तो तुमच्याच कार्यालयातल्या कपाटापासून सुरू होतो. पण त्यावर ठाम उभं राहायचं तर पैसा कुठून कुठे जातो हे तुम्हाला पक्कं कळलेलं हवं. नाहीतर समोरचा अधिकारी तीन कलमं सांगेल आणि सभा गप्प बसेल.

भाच्यापासून सुरू करू, कारण तो बरोबर आहे आणि तुमचं बिलही बरोबर आहे.

घरातलं सिलिंडरचं बिल काढा. त्यावर २.५ टक्के केंद्राचा आणि २.५ टक्के राज्याचा, असा ५ टक्के जीएसटी दिसेल. आता गावातल्या कुणा रिक्षावाल्याकडून सीएनजीची पावती मागून घ्या. तिच्यावर जीएसटीची ओळ नसेल. दोन्ही वस्तू एकाच प्रकल्पातून, एकाच पाइपातून आलेल्या वायूच्या असू शकतात. समुद्रातून आलेला वायू प्रकल्पात शिरतो तेव्हा तो मिश्रण असतो. आधी त्यातलं द्रव वेगळं काढतात, मग नको असलेले आम्लवायू आणि पाण्याचा अंश काढतात, मग तो खूप थंड करतात. थंड झाला की जड घटक द्रव होऊन खाली बसतात: इथेन-प्रोपेन, स्वयंपाकाचा एलपीजी, नॅफ्था (पेट्रोलसारखं हलकं द्रव). वर उरतो तो हलका वायू, मुख्यतः मिथेन. तोच पाइपाने खतकारखान्याला, वीजकेंद्राला, सीएनजी पंपाला जातो. उरणचं उदाहरण घ्या. मुंबई हाय या समुद्रातल्या तेल-वायू क्षेत्राचा वायू तिथे येतो. वेगळे केलेले इथेन-प्रोपेन नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्याला आणि हलका वायू थळ, ट्रॉम्बेच्या खतकारखान्यांकडे, अशी ही वाटणी कित्येक वर्षं चालत आली आहे.

कराच्या दृष्टीने ही वाटणी म्हणजे दोन वेगळी जगंच. २०१६ साली १०१वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा पाच वस्तूंवर जीएसटी कधी लावायचा हे जीएसटी परिषदेवर सोडलं: कच्चं तेल, डिझेल, पेट्रोल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू. परिषदेने ती तारीख अजून ठरवलेली नाही. त्यामुळे पाइपातून जाणाऱ्या हलक्या वायूवर राज्याचा जुना व्हॅटच चालू आहे. पण त्याच वायूतून निघालेला एलपीजी, प्रोपेन, नॅफ्था या पाचांत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जीएसटी. घरगुती सिलिंडरला ५ टक्के, हॉटेलच्या सिलिंडरला १८, नॅफ्थालाही १८.

आता राज्याच्या तिजोरीत काय पडतं ते पाहा. महाराष्ट्रात नैसर्गिक वायूवर १३.५ टक्के व्हॅट होता. १ एप्रिल २०२२ पासून तो ३ टक्क्यांवर आणला. अर्थसंकल्पात सांगितलं होतं की यामुळे वर्षाला सुमारे ८०० कोटींचा महसूल बुडेल. सीएनजी-पीएनजी स्वस्त व्हावं, लोकांनी डिझेलवरून गॅसवर यावं, हा हेतू. रिक्षावाल्यासाठी आणि शहराच्या हवेसाठी निर्णय चांगला होता असं माझं मत आहे. पण तुमच्या सभेत कुणी म्हणेल की "राज्य या गॅसवर भरमसाट कमावतं", तर ते आता तितकंसं खरं नाही. आणि १३.५ टक्के होता तेव्हाही तुमच्या गावाला त्यातून वेगळं काही येत नव्हतं. व्हॅट राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. ज्या गावात प्रकल्प आहे त्या गावाला त्यातला अमुक वाटा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. जीएसटीतला राज्याचा हिस्साही तसाच, आणि तो तर माल जिथे खपतो त्या राज्याला जातो. तुमच्या गावातून भरलेला टँकर गुजरातेत रिकामा झाला तर त्यावरचा राज्याचा वाटा गुजरातचा.

कंपनीचे अधिकारी "आम्ही जीएसटी भरतो, व्हॅट भरतो" म्हणतात ते खोटं नाही. उलट या दुहेरी व्यवस्थेचा कंपनीला खरा त्रास आहे आणि तो समजून घेतला तर बोलणी सोपी जातात. समजा प्रकल्पाने एक कोटीचा कॉम्प्रेसर घेतला. त्यावर १८ लाख जीएसटी दिला. साधा कारखाना असता तर हे १८ लाख पुढच्या जीएसटीतून वळते झाले असते. पण इथे समजा ७० टक्के विक्री व्हॅटवाल्या हलक्या वायूची आणि ३० टक्के एलपीजी-नॅफ्थाची असेल, तर ढोबळमानाने फक्त ५ लाख ४० हजारांचाच परतावा मिळतो. उरलेले १२ लाख ६० हजार अंगावर पडतात. पुढे वायू विकत घेणाऱ्या खतकारखान्याचीही तीच गत: त्याने दिलेला व्हॅट त्याच्या जीएसटीतून वजा होत नाही. नैसर्गिक वायू जीएसटीत घ्या ही उद्योगांची मागणी त्यामुळेच आहे. पण या सगळ्याचा तुमच्या घरपट्टीशी संबंध नाही. विक्रीवरचा कर वेगळा आणि जमीन-इमारतीवरचा वेगळा. एक भरला म्हणून दुसरा माफ होत नाही. गावातला किराणा दुकानदारही जीएसटी भरतो आणि घरपट्टीही भरतो, ती का भरायची असं तो ग्रामपंचायतीला विचारत नाही.

आता मुलांच्या ठरावाकडे येतो. त्यांचा राग मला समजतो, आणि त्यांनी निकालाची बातमी वाचली हेही चांगलंच आहे. २५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की खनिजाची रॉयल्टी (खनिज काढल्याबद्दल मालकाला द्यायचा मोबदला) म्हणजे कर नव्हे, आणि खनिजाच्या हक्कावर व खनिज असलेल्या जमिनीवर कर लावायचा अधिकार राज्याच्या विधिमंडळाला आहे. हा निकाल झारखंड, ओडिशासारख्या राज्यांसाठी फार मोठा आहे. तुमच्या गावाला तो लागू पडत नाही, त्याची कारणं मुलांना नीट सांगा.

पहिलं, तुमच्या जमिनीखाली खनिज नाही. वायू येतो समुद्रतळाखालून. मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरच्या आसपास आत आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे समुद्राच्या त्या भागातली संपत्ती संघराज्याची, म्हणजे केंद्राची. आसाम किंवा गुजरातमध्ये जमिनीवरच्या विहिरीतून वायू निघाला तर त्याची रॉयल्टी राज्याला मिळते. समुद्रातल्या वायूची रॉयल्टी दिल्लीला जाते. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडलं, १९७६ पासून उत्पादन सुरू आहे. एवढ्या वर्षांत या समुद्रातल्या तेल-वायूच्या रॉयल्टीवर महाराष्ट्राचा हक्क कधीच नव्हता. हे अन्यायाचं आहे का? किनाऱ्यावरच्या गावांनी जमिनी दिल्या, धोका पत्करला, मासेमारीची जागा सोडली, त्यामुळे त्यांच्या पदरात काही पडायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण ती मागणी संसदेत करायची आहे. ग्रामसभेच्या ठरावाने ती वसूल होणार नाही.

दुसरं, खाणीच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान असतं आणि त्यातून बाधित गावांना पैसा मिळतो. तोही इथे नाही, कारण ज्या खाण कायद्याखाली ते प्रतिष्ठान आहे त्या कायद्याने खनिज तेल आणि नैसर्गिक वायू स्वतःच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. अनुच्छेद २६५ सांगतो की कायद्याचा आधार असल्याशिवाय कुठलाही कर लावता किंवा वसूल करता येत नाही. ग्रामपंचायतीला तेवढेच कर लावता येतात जेवढे विधिमंडळाने तिला दिले आहेत. घनमीटरवर कर त्यात नाही. वायूच्या बाबतीत तर राज्याचे हातसुद्धा बांधलेले आहेत. गुजरातने २००१ साली वायूच्या वाहतूक-वितरणाबद्दल स्वतःचा कायदा केला होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नैसर्गिक वायू हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे, राज्याला असा कायदा करता येत नाही. राज्याला उरतो तो विक्रीवरचा कर. जिथे गुजरात विधानसभेचं चाललं नाही तिथे आपल्या ग्रामसभेचा ठराव न्यायालयात पहिल्याच तारखेला पडेल. वाईट म्हणजे तो ठराव दाखवून कंपनी म्हणेल की पंचायत बेकायदा वसुली करू पाहते, आणि मग तुमची जी मागणी रास्त आहे तिच्याकडेही लोक संशयाने बघतील.

इथे गुजरातचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून पुढे जातो, कारण गॅसच्या करात प्रकल्पाची जागा किती महत्त्वाची असते ते त्यातून दिसतं. मुंबईच्याच समुद्रातल्या दक्षिण बसीन क्षेत्राचा वायू पाइपाने सुरतजवळ हजिऱ्याला जातो. तिथे त्याच्यावर प्रक्रिया होते आणि हजिरा-विजयपूर-जगदीशपूर पाइपलाइन तिथूनच निघते. व्हॅट आणि आंतरराज्य विक्रीवरचा केंद्रीय विक्रीकर हे दोन्ही कर, वायू जिथून विकला गेला आणि हलला त्या राज्याकडे राहतात. केंद्रीय विक्रीकराचा सवलतीचा दर २ टक्के आहे. २०२१ च्या वित्त कायद्याने ती सवलत फार थोड्या खरेदीदारांपुरती ठेवली. भट्टीत जाळायला वायू घेणाऱ्या परराज्यातल्या कारखान्याला आता विकणाऱ्या राज्याचा पूर्ण दर लागतो. म्हणजे वायू समुद्रातून वर कुठे येतो यावर कुठल्या राज्याला किती मिळणार हे ठरतं. वायू किनाऱ्याला येतो ती गावं मात्र दोन्हीकडे सारखीच आहेत. या हिशोबात ती कुठेच नाहीत.

मग तुमच्या हातात काय आहे?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ चं कलम १२४. त्याखाली हद्दीतल्या जमिनी आणि इमारतींवर कर लावायचा हक्क तुमच्या पंचायतीचा आहे. त्यासोबत दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी. डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलल्यापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर काढतात: बांधकामाचं क्षेत्रफळ, शासनाने ठरवलेला बांधकामाचा आणि जमिनीचा दर, इमारतीचं वय, आणि वापर कसला. औद्योगिक वापराला राहत्या घरापेक्षा जास्त भार असतो.

आता कपाट उघडा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो) सांगा, नमुना ८ ची वही टेबलावर ठेवा. ही कर आकारणीची नोंदवही. तीत तुमच्या घराची ओळ असेल: लांबी, रुंदी, कौलारू की स्लॅब, किती साली बांधलं. मग कंपनीचं पान काढा. माझा अंदाज आहे की तिथे एकच ओळ असेल, "कारखाना" एवढाच शब्द आणि पुढे एक गोल आकडा. क्षेत्रफळाचा रकाना मोकळा. ज्या आकड्याचा उगम कुणाला सांगता येत नाही असं तुम्ही लिहिलंय, तो असाच जन्माला येतो. आकारणीच झालेली नसते, त्यामुळे ठोक रक्कम जास्त आहे की कमी हे कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या घराची मोजणी फुटा-फुटाने झाली आणि त्या प्रकल्पाची झालीच नाही, ही गोष्ट ग्रामसभेत वही हातात धरून सांगा. लोकांना ती लगेच कळेल.

"सरकारी कंपनीला कर नाही" या म्हणण्याला उत्तर सरळ आहे. अनुच्छेद २८५ संघराज्याच्या मालमत्तेला राज्याच्या करातून सूट देतो. पण कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी ही वेगळी कायदेशीर व्यक्ती असते. तिचे सगळे शेअर केंद्राकडे असले तरी तिची मालमत्ता केंद्राची होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. फक्त एक तपासा: सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव कंपनीचं आहे की अजून केंद्र सरकारचं. जुन्या संपादनात काही गट असे राहून जातात. तेवढ्या गटांची यादी वेगळी करा, त्यांच्याबद्दल वकिलाचं मत घ्या, बाकीच्यांचं काम थांबवू नका.

आकारणी कशाची करायची, इथे खरा वाद होणार आहे. प्रशासकीय इमारत, नियंत्रण कक्ष, गोदामं, कँटीन, अग्निशमन केंद्र, वसाहत असेल तर ती: यांवर वाद नाही. उंच उभे मनोरे, उष्णता विनिमयक, कॉम्प्रेसर, पंप ही यंत्रं. तुमचा हक्क जमीन आणि इमारतीवर आहे, यंत्रांवर नाही. ती यादीत घालू नका, मोह झाला तरी. मधला भाग टाक्यांचा. एलपीजीचे ते मोठे गोल आणि द्रवाच्या उभ्या टाक्या. कंपनी त्यांना यंत्रसामग्री म्हणेल. मुंबई महापालिका विरुद्ध इंडियन ऑइल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेलाच्या साठवण टाक्यांना बांधकाम मानून मालमत्ताकर योग्य ठरवला होता. २०१६ मध्ये मोबाइलच्या मनोऱ्यांवरचा मालमत्ताकरही त्याच न्यायालयाने राज्यांच्या अधिकारात बसवला. दोन्ही निकाल त्या त्या शहरांच्या कायद्याखाली आहेत आणि तुमच्या कायद्याचे शब्द वेगळे आहेत, म्हणून टाक्यांची आकारणी वेगळ्या ओळीत करा. उद्या अपिलात तेवढी ओळ गेली तरी बाकीची आकारणी उभी राहील.

मोजमाप कुठून आणायचं? प्रकल्पाच्या आत टेप घेऊन फिरायची गरज नाही, सुरक्षेच्या कारणाने ते सहज जमणारही नाही. कारखान्याचे नकाशे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे मंजूर झालेले असतात. बांधकाम परवानगीचे नकाशे त्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाकडे किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात असतात. पंचायतीने आधी कंपनीला साधं पत्र देऊन इमारतींची क्षेत्रफळानुसार यादी मागावी. महिनाभरात आली नाही तर वरच्या कार्यालयांना लिहावं. सरकारी कंपनी माहिती अधिकाराच्या कक्षेतही येते. फक्त व्हॅट किंवा जीएसटीची विवरणपत्रं मागू नका. ती व्यापारी गोपनीयतेच्या नावाखाली नाकारली जातील आणि तुम्हाला लागणारही नाहीत. जमीन एमआयडीसीची आहे का तेही पाहा, कारण तिथे वसुलीची पद्धत वेगळी असते.

आता ठोक करार. तो बेकायदा नाही. त्याच ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२५ मध्ये त्याची तरतूदच आहे: कारखाना आपल्या आवारातले रस्ते, दिवे, पाणी या सोयी स्वतः करतो हे लक्षात घेऊन पंचायतीने करांऐवजी ठोक अंशदान ठरवावं. जमलं नाही तर वाद वर जातो आणि तिथला निर्णय दोघांना बांधील. त्यामुळे करार मुळातच नको असं मी म्हणणार नाही. मोठ्या कंपनीशी दरवर्षी अपिलं लढण्यापेक्षा ठरलेली रक्कम वेळेवर मिळणं लहान पंचायतीला परवडतं. माझा आग्रह क्रमाबद्दल आहे. आधी आकारणी, मग सवलत, मग ठोक रक्कम. पूर्ण आकारणीने समजा वर्षाला ४० लाख होतात आणि कंपनी स्वतःच्या सोयींपोटी १० लाखांची सूट मागते, तर त्यावर बोलता येतं. पण ४० लाखांचा आकडाच माहीत नसताना १२ लाखांना "आहे ते घ्या" म्हणणाऱ्याशी काय बोलणार? हे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, तुमचे वेगळे येतील.

करारात तीन गोष्टी नसतील तर परत पाठवा. मुदत: पाच वर्षांपेक्षा जास्त नको. वाढ: दरवर्षी ठरावीक टक्के, आणि प्रकल्पात नवं बांधकाम झालं तर त्याची वेगळी आकारणी. आणि ठोक रक्कम नेमक्या कुठल्या करांऐवजी आहे याची नावानिशी यादी. पाणीपट्टी तिच्यात घालू नका, कारण पाणी तुम्ही मोजून देता. कराराला कुणाची मंजुरी लागते ते गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा.

शाळेच्या खोल्या आणि रुग्णवाहिका यांबद्दल कंपनीचे आभार माना, मनापासून माना. पण त्या कराच्या जागी घेऊ नका. तो सामाजिक दायित्वाचा खर्च आहे, कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के, आणि तो कंपनीने तसाही करायचाच आहे. त्याचं ठिकाण कंपनी ठरवते, पुढच्या वर्षी ती तो दुसऱ्या गावात करू शकते. कर पंचायतीच्या खात्यात येतो आणि तो कशावर खर्चायचा हे तुमची ग्रामसभा ठरवते. तुमच्या नळयोजनेचं वीजबिल रुग्णवाहिकेतून भरता येणार नाही.

मागच्या वर्षांच्या थकबाकीचा मुद्दा कुणीतरी काढेलच. ज्या वर्षांची आकारणी झाली नाही, बिल दिलं नाही, त्या वर्षांची मागणी टिकवणं फार कठीण आहे. आणि पंचायतीने तेव्हा ठोक रक्कम स्वीकारून पावती दिली असेल तर आणखीच. मी त्यात शक्ती घालवणार नाही. पुढच्या आकारणीवर सगळं लक्ष द्या.

ज्वालेचा आणि टँकरचा त्रास तुम्ही लिहिलात, तो कराच्या चर्चेत मिसळू नका. कर दिला म्हणून प्रदूषणाची परवानगी मिळत नाही आणि प्रदूषण होतं म्हणून कर वाढत नाही. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे वेगळा अर्ज करा. आपत्ती आराखड्याची प्रतही मागा. सप्टेंबर २०१९ मध्ये उरणच्या प्रकल्पात आग लागली तेव्हा चार जण गेले. आजूबाजूच्या गावांना निघायचं कुठून हे माहीत असणं हा कराइतकाच तुमचा हक्क आहे.

ग्रामसभेत ठराव मांडायचा तर साधारण असा मांडा: "हद्दीतील वायू प्रक्रिया प्रकल्पाच्या जमीन व इमारतींची नमुना ८ मध्ये इमारतनिहाय आकारणी करावी, त्यासाठी कंपनीकडून व संबंधित कार्यालयांकडून मंजूर नकाशे मागवावेत, आकारणी यादी प्रसिद्ध करून हरकती ऐकाव्यात, आणि आकारणी अंतिम होईपर्यंत कलम १२५ खालील कोणताही नवा करार करू नये." सूचक तुम्ही व्हा, अनुमोदन त्या तरुण मुलांपैकी कुणाला तरी द्यायला सांगा. आकारणी झाल्यावर कंपनी पंचायत समितीकडे अपील करेल हे धरून चला. म्हणून नोटीस, तिची पोच, हरकतीचा अर्ज, सुनावणीचा दिवस, निर्णयाची कारणं, यातला प्रत्येक कागद तारखेसह ठेवा. आकारणी बहुधा आकड्यावरून पडत नाही. हरकत न ऐकल्यावरून पडते.

भाच्याला त्या आकारणीच्या कामाला बसवा. नकाशे हाती आले की क्षेत्रफळाचा तक्ता करायला त्याला दोन सुट्ट्या पुरतील. तक्ता तयार झाला की मला पाठवा, टाक्यांच्या ओळी आपण मिळून बघू.